राजांगणातील छोट्या बैठकीसाठी दोन पोर्टेबल स्पीकर कसे मांडावेत?

प्रश्न: कोजागरी, फोंडा तालुका

नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या राजांगणात (आतल्या चौकात) दर कोजागरीला वाड्यावरची मंडळी जमतात. आधी घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने घुमट आरती होते आणि नंतर अभंग व नाट्यगीतांची छोटी बैठक रंगते. श्रोते साठ ते ऐंशी असतात. एक गायक, संवादिनी, तबला, झांजवाला आणि तानपुऱ्याचे यंत्र एवढाच संच असतो. गेल्या वर्षापर्यंत आम्ही ध्वनियंत्रणा भाड्याने आणत होतो. यंदा वर्गणी काढून स्वतःचे सामान घेतले आहे. त्यात अँप्लिफायर आतच असलेले दहा इंची दोन स्पीकर, त्यांचे तिपाई स्टँड, सहा चॅनेलचा छोटा मिक्सर आणि गाण्यासाठी वापरतात ते साधे डायनॅमिक माईक चार, इतके सामान आहे.

जागेविषयी थोडे सविस्तर सांगतो. राजांगण सुमारे १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. मधला भाग उघडा असून चारही बाजूंना मंगळुरी कौलांच्या पडव्या आहेत. भिंती चिऱ्यांच्या, वर गिलावा केलेल्या आहेत. तुळशीवृंदावन मध्यावर नसून पूर्वेच्या टोकाकडे आहे. कलाकार आजवर पश्चिमेकडच्या आखूड पडवीत बसत आले आहेत, त्यामुळे शेवटची माणसे थेट तुळशीच्या पलीकडे जातात.

गेल्या वर्षीचा अनुभव मनाला लागला, म्हणून हा प्रश्न विचारत आहे. भाड्याने आणलेले दोन मोठे स्पीकर कलाकारांच्या मागे, भिंतीला लागून उभे केले होते. गायकाने माईकपासून तोंड जरा लांब नेले की चालवणारा माणूस आवाज वाढवी आणि लगेच शिट्टी सुरू होई. पुढच्या ओळीतल्या वृद्धांनी कानांवर हात ठेवले, आणि तुळशीपलीकडे बसलेल्या आमच्या आत्याला अभंगाचे शब्द मात्र कळले नाहीत. डग्ग्याचा आवाज सगळीकडे घुमत राहिला. शिवाय दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एक बारीक घूं घूं अखंड चालू होती. कलाकार मोठ्या मनाचे होते, काही बोलले नाहीत, पण ते मोकळेपणाने गायले नाहीत हे आम्हा सर्वांना जाणवले.

स्पीकर कुठे आणि किती उंचीवर ठेवावेत, प्रत्येक वाद्याला माईक लागतो का, गायकासाठी वेगळा स्पीकर ठेवावा का, आणि जुन्या घराच्या वायरिंगवर हे सारे चालवताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

उत्तर: ध्वनिसाहाय्यक, म्हापसा

नमस्कार. आपण मापे दिलीत ते फार बरे केले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या मापांतच आहे.

प्रथम बैठकीची दिशा बदला. कलाकारांना आखूड बाजूच्या पडवीतून उठवून लांब बाजूच्या पडवीत, मध्यापासून थोडे पश्चिमेकडे बसवा. मोकळ्या जागेत आवाजाचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. सध्याच्या मांडणीत पहिली ओळ स्पीकरपासून २ मीटरवर आणि शेवटची १४ मीटरवर, म्हणजे सातपट अंतरावर आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या आवाजात सुमारे १७ डेसिबलची तफावत पडते. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने ती थोडी कमी होते, पण परतलेल्या आवाजाने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट ते पुसट होतात. कलाकार लांब बाजूला बसले आणि स्पीकर उंच करून पहिल्या ओळीपासून त्यांचे अंतर ३ मीटर राखले, तर बहुतेक श्रोते ९ मीटरच्या आत येतात आणि ही तफावत साडेनऊ डेसिबलच्या आसपास राहते. पुढच्यांचे कान दुखणे आणि मागच्यांना शब्द न कळणे या दोन तक्रारींचे मूळ एकच होते, आणि कितीही महागडे यंत्र आणले तरी ते मूळ जागेवरच राहिले असते.

आता स्पीकरची जागा. माईकने पकडलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन पुन्हा त्याच माईकमध्ये शिरतो आणि हे चक्र आवरेनासे होते, तेव्हा शिट्टी वाजते. कलाकारांच्या मागे स्पीकर ठेवणे म्हणजे त्या चक्राला वाट मोकळी करून देणे होय. दोन्ही स्पीकर कलाकारांच्या बैठकीच्या रेषेपुढे निदान एक मीटर आणि दोन्ही बाजूंना अडीच-तीन मीटर ठेवा, म्हणजे त्यांची पाठ माईककडे राहील. आपले कलाकार जमिनीवर बसतात आणि श्रोतेही सतरंजीवरच, म्हणून स्टँड अगदी वर ताणण्याची गरज नाही. स्पीकरमधला उंच स्वरांचा भोंगा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर आला की पुरे. पुढच्या माणसाच्या पाठीत आवाज अडकत नाही. दोन्ही स्पीकरची तोंडे किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, जेणेकरून प्रत्येक स्पीकर आपापली अर्धी बाजू सांभाळील. मधल्या पहिल्या दोन ओळींना गायकाचा मूळ आवाज तसाही पोहोचतो, आणि छोट्या बैठकीचे सगळे सुख त्यातच असते.

समोरच्या गिलाव्याच्या भिंतीचे काय करावे हेही सांगतो. स्पीकरपासून ९ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कलाकारांजवळ सुमारे ५० मिलिसेकंदांनी पोहोचतो, कारण ध्वनी एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. एवढ्या उशिराने आलेला तबल्याचा बोल दुहेरी ऐकू येऊ लागतो आणि लय सांभाळणे जड जाते. त्या भिंतीवर दोऱ्या बांधून घरातल्या जाड गोधड्या टांगा. माणसे बसल्यावर हा त्रास आपोआप थोडा कमी होतो, म्हणून रिकाम्या राजांगणात ऐकून घाबरून जाऊ नये.

माईकच्या संख्येबद्दल माझे मत ठाम आहे: जितके कमी तितके चांगले. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी लागण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा ३ डेसिबलने घटते. चार माईक चालू म्हणजे एका माईकच्या तुलनेत ६ डेसिबल गमावले. गायकाला एक माईक हवाच. तबल्याला दोन्हींच्या मध्ये एक पुरतो. झांजांना मुळीच नको. संवादिनीचा माईक लावून ठेवा, पण गरज पडल्याशिवाय उघडू नका. तानपुऱ्याचे यंत्र केबलने थेट मिक्सरला जोडा. तानपुरा मोबाइलवरून लावणार असाल तर मोबाइल विमान-मोडवर ठेवा, कारण मैफलीच्या मध्यावर वाजलेली घंटी सर्वांना ऐकू जाते. ब्लूटूथने जोडणे टाळावे. तानपुऱ्याला थोडा उशीर चालतो, पण जोडणी मध्येच तुटली तर गायकाचा आधारच जातो. गाण्याच्या माईकला तर ब्लूटूथ चालतच नाही. आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागे राहतो आणि ते कोणत्याही तालात बसत नाही.

गायकाच्या माईकवर मिक्सरमधले खालचे स्वर कापणारे बटण (लो-कट) दाबून ठेवा, तबल्याच्या माईकवर मात्र नको, कारण डग्ग्याचा जीव त्याच स्वरांत असतो. स्पीकरच्या मागे माईक आणि लाइन अशी निवड असते, तिथे लाइनच असली पाहिजे. मिक्सर जोडलेला असताना ती माईकवर राहिली तर आवाज फाटतो आणि फुसफुस वाढते. मग श्रोते येण्यापूर्वी गायकाचा माईक हळूहळू वाढवत न्या, शिट्टीची पहिली चाहूल लागली की तिथून ६ डेसिबल खाली आणा आणि त्या रेषेच्या वर रात्रभर जाऊ नका. त्यानंतरही कमी पडले, तर गायकाला माईक जवळ घेण्याची विनंती करावी. माईक आणि तोंड यांतले अंतर एका वितीवरून अर्ध्या वितीवर आणले की शिट्टीचा धोका न वाढता ६ डेसिबल मिळतात.

उत्तर: तबला-डग्गा, साखळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गेली अनेक वर्षे देवळांच्या सभामंडपांत आणि घरगुती बैठकांत साथ करीत असल्याने कलाकाराच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

स्पीकर पुढे नेले की कलाकारांना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो आणि मग प्रत्येकजण नकळत जोर लावू लागतो. गायक वरच्या पट्टीत ओढतो, संवादिनीवाला भाता जोरात मारतो, तबलजी थाप वाढवतो, आणि मिक्सरवरचा माणूस या सर्वांच्या मागे धावतो. यावर गायकासाठी एक छोटा स्पीकर ठेवणे हा उपाय आहे, पण तो ठेवायचा कुठे हे माईकच्या जातीवर ठरते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या माईकला अगदी मागून येणारा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो, म्हणून असा माईक असल्यास स्पीकर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत जमिनीवर ठेवून वर कलता करावा. समोरचा आवाज त्याहून अरुंद पट्ट्यात घेणाऱ्या सुपरकार्डिऑइड माईकची बहिरी जागा मागे नसून मागच्या दोन कडांना, सुमारे १२५ अंशांवर असते, त्यामुळे तिथे स्पीकर थोडा बाजूला सरकवावा लागतो. माईकच्या खोक्यावर त्याचा आकृतिबंध, म्हणजे तो कोणत्या दिशेचा आवाज घेतो याची आकृती, छापलेला असतो, तो आधी पाहून घ्यावा. या स्पीकरमध्ये गायकाला तानपुरा आणि स्वतःचा गळा एवढेच द्यावे. तबला तर हातभर अंतरावरच वाजत असतो.

आपल्याकडे तिसरा स्पीकर नाही, म्हणून लगेच विकत घेऊ नका. कलाकारांना अर्धवर्तुळात, एकमेकांचे हात दिसतील इतके जवळ बसवा. संवादिनीचे तोंड गायकाकडे थोडे वळलेले असावे. चिऱ्यांच्या पडवीत कौलांखाली बसलेल्या चार माणसांना एकमेकांचे पुष्कळ ऐकू येते, आणि माझ्या अनुभवात अशा जागी तिसऱ्या स्पीकरवाचून बैठक अधिक मोकळी होते.

तबल्याच्या माईकविषयी: तो तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, पुड्यांपासून वितभर वर, किंचित तबल्याकडे झुकलेला ठेवा. डग्गा माईकमध्ये नेहमीच अधिक शिरतो. गेल्या वर्षी आपल्याकडे घुमलेला आवाज बहुधा माईक डग्ग्याच्या अगदी तोंडाशी असल्यामुळे आणि स्पीकर भिंतीला चिकटवल्यामुळे वाढला असावा, कारण भिंतीजवळ व कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात.

आणि घुमट आरतीच्या वेळी सर्व माईक बंद ठेवावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. मातीच्या घटाचे ते वाद्य, जोडीला शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळे ही झांज, यांचा नाद राजांगण भरून टाकतो. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. त्याचा नाद प्रत्यक्ष कानांनी ऐकण्याची संधी अशा घरांतच उरली आहे. उघडे राहिलेले माईक तो नाद गोळा करून स्पीकरमधून बाहेर टाकतात आणि आरतीचे शब्द त्यात बुडून जातात.

उत्तर: पणजीतील वाचक

ध्वनिशास्त्रावर मी काही सांगू शकत नाही, पण वेळेचा विचार कोणी मांडलेला दिसला नाही. कोजागरीची बैठक चंद्र वर येईपर्यंत चालते. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त वास्तूच्या आत चालतो, आणि वर आकाश मोकळे असलेले राजांगण बंदिस्त म्हणता येणार नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट जाहीर करू शकते. कोजागरी त्या दिवसांत आहे असे परस्पर गृहीत धरू नये. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगीही आधी घ्यावी लागते.

दहानंतर माईक बंद करून राजांगणातच गात राहावे असे कोणी सुचवील, म्हणून आधीच सांगतो की २०१० सालच्या दुरुस्तीने रात्रीच्या या नियमात वाद्यांचाही समावेश झाला आहे. त्यामुळे घुमट आरती सहाला सुरू करावी, मुख्य बैठक पावणेदहाला थांबवावी, आणि ज्यांना थांबायचे आहे त्यांनी दूध घेऊन आतल्या सालीत (दिवाणखान्यात), दारे लावून, स्पीकरशिवाय बसावे, असे मी सुचवीन.

दिवसाच्या वेळेसाठीही मर्यादा आहे. निवासी भागात ती ५५ डेसिबल आहे आणि खाजगी जागेतली यंत्रणा त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक पुढे जाता कामा नये. शेजारच्या घरात आजारी किंवा अभ्यास करणारे कोणी असेल, तर आधी जाऊन सांगून यावे. आमच्याकडे अशा वेळी शेजारच्या घरी पहिले आमंत्रण जाते.

मूळ प्रश्नकर्ता: कोजागरी, फोंडा तालुका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही सर्व सामान मांडून तालीम केली. झाले ते सांगतो, कारण पुढे कोणाला उपयोग होईल.

कलाकारांची जागा लांब बाजूच्या पडवीत हलवली. घरातील ज्येष्ठांना हे सुरुवातीला रुचले नाही, कारण पश्चिमेकडच्या पडवीत बसण्याची रीत पणजोबांच्या काळापासूनची आहे. पण एक अभंग ऐकल्यावर त्यांनीच संमती दिली. समोरच्या भिंतीवर सहा गोधड्या टांगल्या. मग माझ्या भाच्याला तुळशीजवळच्या कोपऱ्यात वही घेऊन बसवले आणि त्याला ठाऊक नसलेला एक अभंग गायकाला म्हणायला सांगितला. जुन्या मांडणीत त्याच्या वहीत कितीतरी शब्द गाळलेले होते, नव्या मांडणीत दोनच राहिले. आत्याला यंदा काही निसटणार नाही याची आता खात्री वाटते.

शिट्टीची रेषा शोधून तिच्या खाली थांबलो, तेव्हा लक्षात आले की आम्हाला गेल्या वर्षीपेक्षा बराच कमी आवाज पुरतो आहे. संवादिनीचा माईक उघडावाच लागला नाही. कुंपणाच्या भिंतीपाशी मोबाइलवरच्या मापकाने अंदाज घेतला. तो अगदी अचूक नसला तरी आकडा ५५ च्या आसपास फिरत होता. वेळेची सूचनाही मान्य आहे. परवानगीचा अर्ज उद्या देत आहोत आणि दहानंतरची मंडळी सालीत बसतील.

दोन अडचणी उरल्या आहेत. डावीकडच्या पडवीच्या कोपऱ्यात डग्गा अजूनही घुमतो. आणि ती घूं घूं गेलेली नाही. मिक्सर एका खोलीतल्या आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर आहेत, त्याच फळीवर आकाशकंदिलांची माळही आहे.

उत्तर: ध्वनिसाहाय्यक, म्हापसा

वहीची युक्ती फार चांगली आहे, मीही ती यापुढे वापरीन.

डावीकडचा स्पीकर कोपऱ्यातल्या भिंतींपासून निदान दीड मीटर पुढे ओढा आणि तबल्याच्या माईकवरचे खालचे स्वर मिक्सरवर थोडे कमी करा. एवढ्यावर भागेल असे वाटते. भागले नाही तर त्या कोपऱ्यात दोन जाड गाद्या उभ्या करून पाहा.

घूं घूं बहुतेक वीजजोडणीतून येत आहे. मिक्सर आणि दोन्ही स्पीकर एकाच प्लगवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशनवर घ्या आणि दिव्यांची माळ वेगळ्या जागी लावा. आवाज घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडतात किंवा तारेची जोडणी काढतात. तसे कोणालाही करू देऊ नका, कारण यंत्रात दोष झाला तर माईक हातात धरलेल्या माणसाला विजेचा धक्का बसू शकतो. जुन्या घराला अर्थिंग आहे की नाही हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या आणि त्या प्लगला ३० मिलिअँपिअरचे, विजेची गळती झाल्यास वीज तोडणारे ब्रेकर बसवून घ्या. माईकपासून मिक्सरपर्यंत आणि मिक्सरपासून स्पीकरपर्यंत तीन पिनांच्या बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी घरघर रद्द करणाऱ्या) केबलच असाव्यात, आणि त्या विजेच्या वायरला समांतर न नेता, जिथे ओलांडाव्या लागतील तिथे आडव्या ओलांडाव्यात. राजांगणाच्या पायऱ्यांवर स्टँड उभा करू नका. सपाट जागी पाय पूर्ण पसरून एका पायावर वाळूची पिशवी ठेवा, कारण मुले धावतातच.

परतीच्या पावसाची सर आली, तर आधी मुख्य प्लग बंद करावा आणि मगच प्लास्टिक अंथरावे; चालू स्पीकर गुंडाळला तर मागच्या बाजूची उष्णता अडते. एरवी सुरू करताना आधी मिक्सर आणि शेवटी स्पीकर, बंद करताना आधी स्पीकर आणि मग मिक्सर.